सागवानी किचन कॅबिनेटला जुनाट लुक द्यायचाय, पण ग्लेझ पुसायच्या आधीच वाळतंय (अमळनेर)

बोरीकाठची, अमळनेर

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊनच बसा.

गावाकडचं धाब्याचं घर आम्ही २००८ साली उतरवलं. तुळया, खांब, दारं, सगळा साग. सासऱ्यांनी त्यातली एक फळी विकू दिली नाही. पुढच्या वर्षी अमळनेरात घर बांधलं तेव्हा त्याच लाकडाची किचनची शटरं करून घेतली. चौदा शटरं, सहा ड्रॉवर. चौकट, मधे उठावाची फळी आणि फळीभोवती गोलपट्टी. सुताराने तेव्हा पॉलिशही केलं होतं. त्यावर सोळा वर्षं शेंगदाणा तेलाच्या फोडण्या बसल्या. आमच्याकडे आठवड्यातून दोनदा शेवभाजी असते, तेव्हा गॅसजवळच्या शटरांची काय दशा झाली असेल ते खानदेशातल्या माणसाला सांगायला नको. बोट लावलं की ठसा उमटतो.

मला ती सायीच्या रंगात रंगवून वर तपकिरी ग्लेझ द्यायचं आहे. खाचांत, कोपऱ्यांत तपकिरी धरून राहील आणि बाकीचं पुसलं जाईल, असं. सासूबाई म्हणतात, "जुनं व्हतंच ना ते, मंग नवं करीसन परत जुनं कसाले करी राहिनी?" याचं उत्तर अजून सुचलेलं नाही.

एक शटर करून पाहिलं. घासलं, पांढरा वॉटरबेस प्रायमर मारला, वर सायीच्या वॉटरबेस रंगाचे दोन हात. दुसऱ्या दिवशी फळीवर पिवळट-तपकिरी डाग वर आले, चहा सांडल्यासारखे. तिसरा हात दिला तर डाग पुन्हा हजर. तरी पुढे रेटलं. ग्लेझिंग मीडियममध्ये तपकिरी ॲक्रेलिक कालवलं, ब्रशने लावलं आणि व्हिडिओतल्या बाईसारखी निवांत पुसायला गेले, तर पुसलंच जाईना! एप्रिलमधली दुपारी दोनची वेळ, समोर कूलर चालू. अर्धं शटर शेणाने सारवल्यासारखं दिसतंय आणि अर्धं मांजराने ओरबाडल्यासारखं.

पेंटर म्हणतो, "ताई, डुको मारून मोकळ्या व्हा." पण फवाऱ्याने मारलेला तो चकचकीत रंग मला नको आहे. वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेला घर पाहुण्यांनी भरतं, त्याआधी उरकायचं आहे. कुणी केलंय का असं?

सातपुडा, नंदुरबार

राग मानू नका ताई, पण सागावर रंग? आमच्या तळोद्याला एकेकाळी अख्ख्या खानदेशातली लाकडाची पेठ होती, इथल्या सागाच्या बैलगाड्या नावाजलेल्या होत्या. त्या काळचं लाकूड आता पैसे मोजूनही मिळत नाही, आणि तुम्ही त्यावर सायीचा रंग फासणार. जुनं पॉलिश उतरवा, चपडीचे (लाखेच्या पॉलिशचे) चार हात द्या, बघा कसं मधासारखं दिसतं ते. हवं तर तुमची शटरं मला द्या, बदल्यात नवी प्लायची देतो. (हे गमतीने म्हणतोय. अर्धं.)

पांझरेचा रंगारी, धुळे

सातपुडाभाऊंचं दुखणं कळतं. पण ताईंना हवा आहे रंग, तेव्हा रंगाचंच बोलू. पॉलिशच्या कामात माझी बावीस वर्षं गेली आणि तुमच्या शटरावर जे जे झालं ते सगळं माझ्या हातून आधी होऊन गेलंय.

आधी डाग. सागात स्वतःचं तेल असतं आणि रंगद्रव्यही असतं. पाण्याचा प्रायमर लागला की ते त्यात विरघळून वर चढतं. तुम्ही दहा हात दिले तरी दहाव्यातून बाहेर येईल. त्याला हमखास अडवणारी वस्तू सातपुडाभाऊंनी वेगळ्या कारणासाठी सांगितलीच आहे: चपडी लाख. एक लिटर स्पिरिटमध्ये दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम चपडी रात्रभर भिजवा. सकाळी तळाशी गढूळ मेणट साका बसलेला दिसेल. तो हलवू नका, वरचं निवळ तेवढं ओतून घ्या. मेण राहिलं तर त्यावर पुढचा प्रायमर नीट धरत नाही. याचे दोन पातळ हात द्या. अर्ध्या-पाऊण तासात वाळतात. किचनमध्ये करणार असाल तर गॅस सिलिंडरपासून बंद ठेवा, स्पिरिट उडतं आणि भडकतं.

कूलर बंद ठेवा. हे मी मुद्दाम वेगळं लिहितोय, कारण आपल्याकडे मे महिन्यात कूलर बंद कर म्हटलं की माणूस भांडायला उठतो. ओल्या चपडीवर कूलरची दमट हवा लागली की तिच्यावर पांढरी धुई धरते. आणि ग्लेझवर नुसता वारा लागला तरी ते वाळून बसतं. तुमचं ग्लेझ दोन कारणांनी फसलं, दुपार आणि कूलर. व्हिडिओतली बाई राहते थंड देशात, तिचं पाण्याचं ग्लेझ दहा मिनिटं ओलं राहत असेल. आपल्या हवेत ते दोन मिनिटंही थांबत नाही.

म्हणून इथे उन्हाळ्यात ग्लेझ तेलाचं करावं. माझं माप असं: एक वाटी क्लिअर सिंथेटिक वार्निश, एक वाटी टर्पेंटाइन, अर्धी वाटी डबल बॉइल जवसाचं तेल. वाटी घरातली घेऊ नका, ती परत घरात येत नाही. त्यात चित्रकारांचा तपकिरी तेलरंग, बर्न्ट अंबर नावाचा, ट्यूबमधून करंगळीएवढा पिळा आणि काळ्याचा अगदी ठिपका. आधी थोड्या टर्पेंटाइनमध्ये रंग घोटून मग मिसळा, नाहीतर गुठळ्या राहतात आणि पुसताना रेघा ओढतात. हे ग्लेझ पंधरा-वीस मिनिटं हाताखाली राहतं. तरीही पहाटे साडेपाचला सुरू करा आणि नऊला हात धुवा.

आता तळाचा रंग. ग्लेझ तेलाचं, तर खालचा रंगही तेलाचा इनॅमल, तोसुद्धा सॅटिन घ्या. चकचकीत रंगावर ग्लेझ घसरतं, खाचेतूनही पुसलं जातं. अगदी मॅटवर ते आत शोषलं जातं आणि डाग पडतात. सॅटिन मधलं. दोन हात द्या आणि शेवटच्या हातानंतर आठ दिवस शटरांना हात लावू नका. वरून चार तासांत वाळलेलं दिसतं, आतून वाळत नाही.

आणि थिनर वेगळं, टर्पेंटाइन वेगळं, हे पक्कं लक्षात ठेवा. सुरुवातीच्या काळात मी एका घरी इनॅमलवर घाईने एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर फवारलं होतं. दहा मिनिटांत सगळा रंग तव्यावरच्या उडदाच्या पापडासारखा फुगून उठला. लॅकरमधलं थिनर इनॅमल सोडवतं. बारा शटरं खरवडली, स्वतःच्या पैशाने. तेव्हा तुमचा पेंटर "वरून मेलामाइन मारतो" म्हणाला (तेही थिनरचंच पॉलिश) तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. वरचा शेवटचा हातही त्याच घरातला, क्लिअर सिंथेटिक वार्निश, मॅट. ते वर्षा-दोन वर्षांत थोडं पिवळं पडतं, पण तुम्हाला जुनंच हवंय ना, मग ते फुकटात मिळालं.

घासण्याबद्दल. पॉलिश पुरतं उतरवायची गरज नाही. आधी तेल काढा. कडकडीत गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून, फडकं पिळून, दोनदा पुसा, मग साध्या पाण्याने दोनदा. सोड्याने साग काळवंडतो, पण वर रंग येणार आहे म्हणून चालेल. तेल काढायच्या आधी घासलंत तर घासायचा पॉलिश कागद ते तेल लाकडात आणखी आत रेटतो. धुतल्यावर १८० नंबरच्या कागदाने हात फिरवा, चपडी वाळल्यावर ३२० ने अलगद. बिघडलेलं शटर मात्र पूर्ण खरवडा, ॲक्रेलिकवर स्पिरिट गेलं की चिकट गोळे होतात.

एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे. उठावाची फळी चौकटीत सैल बसवलेली असते, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तुम्ही मे महिन्यात रंगवताय, म्हणजे ती सगळ्यात आकसलेली असताना. पावसाळ्यात रंगवली असती तर पुढच्या उन्हाळ्यात चारी बाजूंनी बिनरंगाची सागाची रेघ उघडी पडली असती. पण त्या फटीत लांबी (पुट्टी) भरू नका. पेंटर लोकांना फट दिसली की हात शिवशिवतात. भरली की पहिल्याच पावसात तडकते.

आता राहिली चिंधी. जवसाच्या तेलाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकली की ती आपोआप पेटते. कुणी काडी लावावी लागत नाही. तेल वाळताना गरम होतं आणि गोळ्यात ती उष्णता कोंडून राहते. माझ्या दुकानामागे मे महिन्यातच एकदा चिंध्यांच्या ढिगातून धूर निघाला होता, नशिबाने मी तिथेच पाणी प्यायला गेलो होतो. प्रत्येक चिंधी पाण्याच्या बादलीत टाका, किंवा उघड्यावर एकेक पसरून वाळवा.

बोरीकाठची, अमळनेर

रंगारीदादा, सगळं वहीत उतरवून घेतलं. घरात आता कूलरवरून खरोखरच भांडण झालंय, तुमचं नाव पुढे केलं.

एक शंका. ग्लेझ पुसायचं किती? मी सगळ्या पट्टीभोवती सारखं ठेवलं तर बरं दिसेल ना? आणि कडांवर रंग घासून खालचं लाकूड थोडं उघडं दाखवतात, तेही करावं का?

पांझरेचा रंगारी, धुळे

सारखं ठेवू नका. चारी बाजूंनी एकसारखी काळी रेघ आली की शटर पेपरातल्या निधनवार्तेच्या चौकटीसारखं दिसतं. मी अशी दोन किचन बघितलीत.

जुनं फडताळ डोळ्यांसमोर आणा. धूळ पडते वरून, म्हणजे ती साचते खालच्या पट्टीच्या वरच्या अंगावर. वरच्या पट्टीच्या खाचेत तेवढी नसते. म्हणून खाली गडद, वर फिकं. गॅसच्या बाजूची शटरं थोडी जास्त, लांबची कमी. लाकूड उघडं पडतं ते माणसाचा हात जातो तिथे: कडीपाशी, दार ओढतात त्या कडेला, खालच्या कोपऱ्याला. बिजागरीच्या बाजूला कुणाचा हात जात नाही, तिथे कागद मारू नका. घराण्यात एखादं जुनं दार शिल्लक असेल तर तेच समोर ठेवून काम करा, व्हिडिओ बंद.

पुसायची पद्धत: ब्रशने खाचेत भरून लावा, पाच मिनिटं थांबा, सुती धोतराच्या मऊ फडक्याने फळीच्या उभ्या रेषेत एकेकदा ओढा. गोल गोल पुसू नका. शेवटी कोरडा रुंद ब्रश नुसता वरून फिरवा म्हणजे फडक्याची रेघ मावळते. जास्त निघालं तर काळजी नको, दुसऱ्या दिवशी आणखी एक हात देता येतो. जास्त राहिलं तर टर्पेंटाइन लावलेल्या फडक्याने त्याच वेळी काढा, उद्यावर टाकू नका.

कडा उघड्या करायच्या तर ग्लेझच्या आधी. चपडी वाळली की त्या कडांवर मेणबत्ती घासा, मग प्रायमर आणि रंगाचे हात. वाळल्यावर पत्र्याच्या पट्टीने खरवडलं की मेणावरचा रंग सुटतो. मागाहून टर्पेंटाइनने मेण पुसून टाका.

क्वार्टर नंबर विसरले, भुसावळ

मी पाच वर्षांपूर्वी केलंय, बाहेरून बोलावलेल्या माणसाशिवाय, म्हणून आता काय टिकलं ते सांगते.

टिकलं: वरची कपाटं, जशीच्या तशी. गेलं: सिंकखालची दोन शटरं. खालच्या कडेवर, म्हणजे शटराच्या जाडीवर, मी वार्निश मारायला विसरले होते, पाणी तिथून चढलं. ताई, शटर उलटं करून ती जाडीची कड आधी मारा. आतली बाजूही तेवढेच हात देऊन रंगवा, नाहीतर शटर वाकतं. ग्लेझ आत नको, आत कोण बघतंय.

दुसरं, मेणाचं फिनिश करू नका. सगळे परदेशी व्हिडिओ रंगावर मेण चोळतात. मी एका कपाटाला मधमाशीचं मेण चोळलं होतं. भुसावळचा मे तुम्हाला माहीत आहे, पारा पंचेचाळीसच्या वर. गॅसच्या शेजारी ते मेण इतकं मऊ पडलं की धूळ, पिठाचे कण, एक मुंगीसुद्धा त्यात कायमची मुक्कामाला राहिली.

फेव्हिकोलच्या चिकट थरावर पाण्याचा रंग मारून भेगा पाडतात, तेही केलं होतं हौसेने. दिसतं झकास. पण त्या भेगांत फोडणी बसली की निघत नाही. दिवाणखान्यातल्या पेटीला करा, किचनला नको.

आणि एक गंभीर. जुन्या घराच्या दारांवर जुने ऑइलपेंट असतील तर ते कोरडे घासू नका. आपल्याकडे घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) आत ठेवायचा नियम २०१६ सालचा, लागू झाला नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं आणि घासलं की ते धुळीत येतं. वॉटर पेपर घ्या, पाणी लावून घासा, चांगला मास्क बांधा, लहान मुलांना मामाकडे पाठवा. सुट्ट्या आहेतच.

डबा ब्रश रोलर, जळगाव

रंगाच्या दुकानात बसतो, म्हणून फक्त मापाचं बोलतो. चौदा शटरं दोन्ही बाजूंनी, ड्रॉवरचे चेहरे आणि चौकट धरून तुमचं काम सव्वाशे चौरस फुटांच्या आसपास भरेल. इनॅमलचा लिटर एका हाताला तेवढा पुरतो. म्हणजे प्रायमर एक लिटर, रंग दोन लिटर, वार्निश दोन लिटर. रंगारीदादांच्या मापाने अडीच वाट्या ग्लेझ होतं, ते पुरून उरेल. लोक ग्लेझचा लिटरभर करतात आणि नंतर आम्हाला परत घ्या म्हणतात.

सगळं ग्लेझ एकदाच कालवा. अर्ध्यात संपलं तर तोच रंग पुन्हा जुळत नाही. सायीचा रंगही दोन लिटर एकाच वेळी मशीनवर मिसळून घ्या. प्रायमर मात्र तेलाचा, वूड प्रायमर असं मागून घ्या.

शटरं काढताना प्रत्येकाच्या बिजागरीच्या खड्ड्यात नंबर कोरा आणि त्यावर टेप लावा. पेन्सिलने मागे लिहिलेला नंबर रंगाखाली जातो आणि मग चौदा शटरांचं कोडं सोडवत बसावं लागतं.

बोरीकाठची, अमळनेर

तीन आठवड्यांनी लिहितेय. बारा शटरं झाली, दोन उरलीत.

चपडीने डाग थांबले. एकाच फळीवर पुन्हा आला होता, तिथे चपडीचा हात सुटला असणार. रोज पहाटे अंगणात दोन बाकांवर शटरं मांडून ग्लेझ करतेय, शेजारच्या काकू दूध घ्यायला जाताना थांबून बघतात आणि "अजून पुसायचं राहिलंय का?" विचारतात.

रंगारीदादांचं ऐकून शेतातल्या कोठीतून फडताळाचं जुनं दार आणलं. खालच्या कोपऱ्याला झिजलंय, कडीभोवती तळहाताएवढा रंगच नाही, हे सगळं तुम्ही म्हणालात तसंच. पण दाराच्या मधोमध, गुडघ्याच्या उंचीवर, एक लांबट गुळगुळीत डाग होता, लाकूड अगदी चकाकतंय. तो कशाचा ते कळेना. सासूबाईंना विचारलं. त्या दारासमोर उभ्या राहिल्या, दोन्ही हात वर धरले आणि गुडघा टेकवून दाखवला. "हात पीठना ऱ्हायेत, मंग गुडघाघाई लोटूत." खापरावरचे मांडे करायचे दिवस असले की असं दिवसभर. त्यांच्या आधी त्यांच्या सासूनेही तिथेच गुडघा लावलेला.

मग त्यांनीच खडू घेतला आणि ओट्याखालच्या, पिठाच्या डब्याच्या शटरावर खूण केली. म्हणाल्या, आठे कर, बाकीनावर नको. त्या एकाच शटरावर मेणबत्ती घासलीये. ते शटर आणि शेजारचं, एवढीच दोन उरलीत.

रंगारीदादा, पहिल्या बारांच्या ग्लेझला आज चौथा दिवस. नख लावून पाहिलं, उमटत नाही. वार्निश आज संध्याकाळी मारू का?

पांझरेचा रंगारी, धुळे

संध्याकाळी नको, आपल्याकडे सूर्य कलला की वावटळ उठते आणि अंगणातली सगळी माती वार्निशवर येऊन बसते. उद्या पहाटे मारा, पातळ हात, बंद खोलीत, कूलर बंद. दुसरा हात परवा. गुडघ्याच्या शटराला ग्लेझ अगदी पुसट ठेवा, डाग असतो तिथे मळ राहत नाही. आणि सासूबाईंना सांगा, धुळ्याच्या एका पॉलिशवाल्याला बावीस वर्षांत ही खूण माहीत नव्हती.